अठरा फूट

शाळेच्या पायऱ्या तीन, सहा-सहा इंचांच्या,
म्हणजे चढ दीड फुटाचा.
फुटाला बारा धरले तर उतार अठरा फूट.
हे मी तेव्हाच सांगितलं होतं ग्रामसेवकाला,
खोटं कशाला बोलू.
तो म्हणाला, मध्ये झेंड्याचा कट्टा येतोय,
सहा फुटांत उरक, शिवदास,
रात्री आठच्या आत फोटो गेला पाहिजे तासगावला.

उरकला.
दीड पोतं सिमेंट, येरळेची वाळू,
पोटात विटांचे तुकडे.
ओलाच होता, तोवर त्यानं फोटो काढला.
तुम्हाला सांगतो, फोटोत
कुठलाही चढ सपाट दिसतो.

सकाळी सुगंधा मालगावे आली
सावळजच्या रस्त्यानं, तीनचाकी हातानं मारत.
उताराकडं बघितलं, मग माझ्याकडं.
पायातल्या नव्हे, पिशवीतल्या चपला काढल्या,
हातांत घातल्या,
आणि बसत, सरकत, पदर दातात धरून
तिन्ही पायऱ्या चढली मत द्यायला.
परत जाताना म्हणाली,
"उतार झ्याक झालाय, शिवदास. पाण्याला."
रांग हसली.
मीही हसलो.
पुढं पोरं घसरगुंडी खेळली त्यावर.

मग एका चैतात,
बेदाण्याच्या शेडशेजारी गंधकाच्या खोलीची भिंत चढवताना
परांचीची दोरी सुटली.
मिरजेच्या दवाखान्यात अडीच महिने.
आता कमरेखालचं काही माझं ऐकत नाही.
ओळंबा तेवढा ऐकतो.

या खेपेला घरी माणूस आला फॉर्म घेऊन.
मत घरबसल्या देता येईल, म्हणाला, आम्ही येऊ.
बरं बोलत होता बिचारा.
उपाध्यांच्या आप्पांना, नव्वदीत, तेच बरं.
पण मला रांग पाहिजे होती.
कोण कुणाकडं पाठ करून उभा राहतो,
कोण हळूच चिठ्ठी चुरगाळतो,
हे घरात कसं कळणार?

सत्तारला बोलावलं.
एके काळी माझ्या हाताखाली माल कालवायचा,
आता त्याच्या हाताखाली सहाजण.
माझ्या उतारावर त्यानं घण घातला;
तिसऱ्या घावात पोट उघडं.
तुकडे, गुटख्याच्या पुड्या,
कुणा पोराची हिरवी गोटी.
सत्तार काही बोलला नाही. माझाच चेला.

नऊ फूट सरळ,
कट्ट्याशी चार फूट सपाटी,
मग वळून नऊ फूट.
खुर्चीत बसून दोरी धरली मी.
सुगंधाच्या गाडीचं माप घेतलं, चौकटीचं घेतलं.
कठड्याला हात लावून ती म्हणाली,
"हा कुणासाठी? उभ्या माणसासाठी?"
खरंच.
चार वर्षं खुर्चीत बसूनही
मी कठडा उभ्यानंच बांधत होतो.
एक फूट खाली घेतला.

मतदानाला ती पुढं, मी मागं.
ढकलायला धावले दोघंजण,
तिनं हात करून थांबवले.
वळणावर दम खाल्ला, तोही हौसेनं,
जसं काही घाट चढून आलोय.
आणि खोलीच्या दाराशी चाक अडलं.

उंबरा.
काळा दगड, दोन इंच.
अठरा फूट मोजले, हा राहिला.
पाय होते तोवर हजारदा ओलांडला असेल,
ओलांडलेलं कुठं मोजतो माणूस.

तिनं मान वळवली.
आता बोलेल, म्हणून मी खाली बघितलं.
ती आतल्या बाईंना म्हणाली,
"फळी बघा कुठं मिळते का. आम्हाला घाई नाही."

फळी आली. चाकं आत गेली.
पुठ्ठ्याच्या आडोशामागं ती किती वेळ होती,
मी मोजला नाही.
यंत्राची शिट्टी मात्र ऐकली, लांबलचक.

सहाला सगळं संपलं.
यंत्रं मोहरा लावून गाडीत चढली,
शिपायानं बाकं पुन्हा वर्गासारखी लावली.
सत्तार विचारत होता, चहा का काय?
म्हटलं, चहा होईल.
आधी छिन्नी आण,
हेडमास्तर यायच्या आत.